खिशातली राणी

ल्युब्लियानाहून निघालो तेव्हा सकाळचे आठ,
पण धुक्यात दिवे अजून तसेच जळत होते.
स्टेशनवरच्या बाईनं कॉफी दिली कागदी पेल्यात
आणि झाकण द्यायला विसरली,
म्हणून पहिला तासभर मी फक्त पेला सांभाळला.
सुट्टीचा नववा दिवस. हा नुसता प्रवासाचा.
खिडकीजवळची जागा मिळाली, पण उलट्या तोंडाची,
त्यामुळे डोंगर, चर्च, गवताचे भारे,
जे काही दिसलं ते
निघून गेल्यावर दिसलं.

समोर येर्नेय. सत्तरीचा, सडसडीत,
डाव्या खिशावर हात दाबून बसलेला,
छातीत कळ आलेला माणूस बसतो तसा.
दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना?
माझं जर्मन संध्याकाळच्या वर्गातलं,
त्याचं कधीकाळच्या कारखान्यातलं.
मध्ये अम्रा, बोस्नियाची, म्युनिकच्या इस्पितळात रात्रपाळीला,
आईकडची सुट्टी संपवून परत निघालेली.
मांडीवर भाजलेल्या मिरच्यांची बरणी,
दर स्टेशनाला ती झाकण पिळून बघायची.
तिनं हसून सांगितलं,
दुखत नाही म्हणतो. खिशात राणी आहे.

काड्यापेटीएवढी लाकडी पेटी, एका अंगाला जाळी,
दाराशी साखरेचा लगदा.
आत एक लांबट, तपकिरी, आपल्याच तोऱ्यात,
आणि भोवती आठ दासी.
बहिणीच्या पोळ्यातली राणी मेली, म्हणून ही.
"लोक पोस्टानं पाठवतात," तो म्हणाला, अम्राच्या तोंडून,
"पण पोस्टाला छाती नसते."

मग लांबलचक बोगदा. सीमा आत कुठेतरी, अंधारातच ओलांडली.
पलीकडे पोलीस चढले.
अम्राचा पासपोर्ट दोनदा चाळला, माझा चारदा.
येर्नेयच्या खिशाकडे कुणी बघितलंही नाही.

माल्निट्झला गाडी थांबली. रुळांवर झाड पडलंय.
सप्टेंबरातच बर्फ, ओलं, जड,
तास गेला, दुसरा गेला,
डब्यातली ऊब कुणीतरी बंद केली.
येर्नेयनं पेटी कानाशी धरली,
मग अम्राच्या कानाशी, मग माझ्या.
आवाज होता. दूरच्या घरात
कुणी शिवणयंत्र चालवावं एवढासा.
त्याची बोटं निळी पडत चालली होती.
अम्रानं काही न विचारता पेटी घेतली,
स्वेटरच्या आत ठेवली आणि घड्याळ लावलं,
नर्सच ती, वीस-वीस मिनिटं.
मग माझी पाळी. मग लोरेन्झ नावाच्या पोराची,
फिल्लाखपासून ज्यानं कानातले हेडफोन काढले नव्हते.
आता काढले. ताठ बसला,
श्वाससुद्धा मोजून घेत होता.
माझ्या बिनझाकणाच्या पेल्यात पाणी आलं कुणाच्या तरी बाटलीतलं,
येर्नेयनं बोट बुडवून जाळीवर थेंब टेकवला.
पाच तास थांबलो आम्ही तिथे.
फोटो एकही काढला नाही.

बिशोफ्सहोफेनला तो उतरला.
फलाटावर एक बुटकी बाई, पायात रबरी बूट.
तिनं त्याला मिठी मारली नाही,
आधी खिशावर हात ठेवला.
त्यानं मान हलवली. मग मिठी.
उलट्या तोंडाची जागा माझी,
म्हणून ती दोघं मला
गाडी वळेपर्यंत दिसत राहिली.

साल्झबुर्गला इंजिन दुसऱ्या टोकाला लागलं,
आणि न उठताच माझी जागा सरळ झाली.
आता येणारं सगळं आधीच दिसलं असतं,
पण बाहेर काळोख पडला होता.
काचेत झोपलेली अम्रा, तिची बरणी,
आणि माझा हात,
अजून डाव्या खिशावर.